हमीदचा चिमटा आणि मकतबातली छडी

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा करताना दंगल, फाळणी, तलाक, दारिद्र्य आणि ओळखीचा प्रश्न हे विषय आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून कविता, कथा आणि वैचारिक लेखन यांची दखल आपण कमीअधिक घेत आलो आहोत. बालसाहित्य मात्र कायम दारातच उभे राहिले. परिसंवादात त्याला शेवटचा अर्धा तास मिळतो आणि तोही बहुधा आभारप्रदर्शनात जातो.

असे असूनही मोहल्ल्यामोहल्ल्यांत लहान मुलांना अमन, सब्र, माफी शिकवण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. मकतबात सीरतच्या गोष्टी सांगितल्या जातात. मिलादच्या जलशात पाचसहा वर्षांची मुले पाठ केलेली भाषणे करतात. शाळेत २ ऑक्टोबरला गांधीजींवर निबंध होतो. सेवाभावी मंडळी सुट्टीत शिबिरे घेतात. या सर्व ठिकाणी शिकवण्याचे साधन एकच, ते म्हणजे गोष्ट. आणि या गोष्टींकडे साहित्य म्हणून कोणी पाहिलेले नाही. त्या चांगल्या हेतूने सांगितल्या जातात, तेवढ्यावर आपण समाधान मानतो. आमच्या मते हेतू चांगला असल्याने गोष्ट चांगली ठरत नाही. म्हणून मुलांना वारंवार सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टींची तपासणी आम्ही येथे करीत आहोत.

कचरा टाकणारी म्हातारी

आपल्या घरातील क्वचितच एखाद्या मुलाला ही गोष्ट माहीत नसेल. एक म्हातारी रोज हजरत पैगंबरांच्या (स.) अंगावर कचरा टाकते. ते काही बोलत नाहीत. एके दिवशी कचरा पडत नाही म्हणून ते चौकशी करतात, म्हातारी आजारी असल्याचे कळते, ते तिची सेवा करतात आणि ती ईमान आणते. मिलादच्या भाषणात, भिंतीवरच्या तक्त्यावर, चित्रांच्या पुस्तकात ही गोष्ट हमखास भेटते. हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती सापडत नाही, असे हदीसच्या अभ्यासकांनी अनेकदा स्पष्ट केले आहे. तरीही तिचे चलन कमी होत नाही, कारण ती सांगायला सोपी आहे आणि तिचा शेवट गोड आहे.

आमचा आक्षेप मात्र केवळ सनदेचा नाही. गोष्ट म्हणूनही ती कच्ची आहे. म्हातारी कचरा का टाकते, तिला राग कशाचा आहे, याचा गोष्टीला पत्ता नाही. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या मनात काय चालले आहे, तेही कळत नाही. शिवाय शेवटी बक्षीस ठरलेले आहे. तू सहन कर, म्हणजे समोरचा सुधारेल, असा हा सौदा आहे. मूल हा सौदा खरा मानून शाळेत जाते, टोपीवरून किंवा नावावरून चिडवणाऱ्या मुलाला आठवडाभर सहन करते, आणि चिडवणारा सुधारत नाही. मग मुलाला दोनच गोष्टी वाटू शकतात. एक तर गोष्ट खोटी आहे, किंवा आपणच कमी पडलो. दोन्ही वाटणे वाईटच.

याच्याशेजारी अबू दाऊदच्या संग्रहातील पाखराची हदीस ठेवून पाहावी. प्रवासात सोबत्यांना एक पाखरू आणि त्याची दोन पिल्ले दिसतात. ते पिल्ले उचलतात. आई पंख फडफडवीत घिरट्या घालू लागते. पैगंबर (स.) परत येतात, ते पाहतात, पिल्लांवरून हिला कोणी दुखावले असे विचारतात आणि पिल्ले परत ठेवायला सांगतात. गोष्ट एवढीच. येथे पाखरू ईमान आणीत नाही. पिल्ले उचलणारे दुष्ट नाहीत, ते चांगलेच लोक आहेत. चांगल्या माणसांच्या हातूनही न कळत इजा होते आणि ती कळल्यावर दुरुस्त करता येते, हे पाच वर्षांच्या मुलाला नेमके समजेल असे आहे. कारण पिल्लू उचलण्याचा मोह त्यालाही होतो. आपल्याच ठेव्यात इतकी भरीव गोष्ट असताना आपण मुलांना आधार नसलेली गोष्ट का देतो, हा प्रश्न सीरत लिहिणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

ताइफची मुले

दुसरी गोष्ट ताइफची. ती इतिहासाला धरून आहे. हिजरतीपूर्वी, सुमारे ६१९ साली, पैगंबर (स.) हजरत जैद यांना सोबत घेऊन ताइफला गेले. तिथल्या सरदारांनी त्यांचे ऐकले तर नाहीच, उलट गावातील गुलाम आणि उनाड पोरे त्यांच्यामागे लावली. दगडांच्या माऱ्याने पाय रक्तबंबाळ झाले. त्यांनी एका बागेत आसरा घेतला, तेथे अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने त्यांना द्राक्षे आणून दिली. फरिश्त्याने या लोकांना डोंगरांमध्ये चिरडण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी नकार दिला. यांच्या वंशातून अल्लाहची इबादत करणारे निपजतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. पुढे दहाबारा वर्षांतच ताइफ इस्लाममध्ये आले.

आपल्याकडील बालपुस्तके ही गोष्ट सांगताना सगळा भर रक्तावर आणि दुआवर देतात. हे समजण्यासारखे आहे. पण ऐकणारे मूल ज्यांच्याशी आपली तुलना करू शकेल अशी पात्रे या गोष्टीत आहेत, आणि लेखक त्यांच्याकडे ढुंकून पाहात नाहीत. दगड मारणारी पोरेच होती! त्यांच्या हातात दगड कोणी दिले? त्या पोरांचे पैगंबरांशी (स.) काय भांडण होते? काहीच नाही. भांडण मोठ्यांचे होते आणि हात लहानांचे वापरले गेले. दंगलीच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून जवळची गोष्ट कोणती मिळणार? ‘तू दगड खाणाऱ्यासारखा हो’ हे मुलाला सांगणे पुण्याचे खरे, पण फार दूरचे. ‘कोणी तुझ्या हातात दगड दिला, तर त्याला विचार की हे भांडण कोणाचे’ हे सांगणे त्याच्या आवाक्यातले आहे. आणि फरिश्त्याला दिलेल्या नकाराचा अर्थही तेव्हाच खुलतो. तेथे आशा टाकली आहे ती पुढच्या पिढीवर, म्हणजे मुलांवरच. ताइफच्या गोष्टीची सुरुवात मुलांनी आणि शेवट मुलांनी होतो, हे आमच्या वाचनातील एकाही बालपुस्तकाने सांगितलेले नाही.

याच ठिकाणी एक अडचण उभी राहते. थोडे मोठे झालेले मूल विचारते की ताइफला माफ केले, मग बद्रला लढाई का केली? यावर आपली पुस्तके दोन वाटा काढतात. काही बद्र गाळूनच टाकतात. काही बद्र आणि उहुद इतके चवीने रंगवतात, की मक्केतील तेरा वर्षे दोन पानांत उरकतात. मूल मूर्ख नसते. त्याला सरळ सांगितले पाहिजे की इस्लामच्या परंपरेत लढाई आहे, तिला अटी आणि मर्यादा आहेत, आणि शाळेचे मैदान किंवा गल्ली हे रणांगण नव्हे. हजरत आयेशा यांनी सांगितले आहे की रणांगण सोडले तर पैगंबरांनी (स.) कोणावरही, बाईवर किंवा नोकरावर, हात उगारला नाही. घर आणि गल्ली यांच्यासाठी एवढा दाखला पुरेसा आहे. सीरियाचे विचारवंत जौदत सईद (१९३१-२०२२) यांनी १९६६ साली आदमच्या पुत्रांच्या कुरआनातील कथेवर एक पुस्तकच लिहिले. भाऊ मारायला उठला तरी मी हात उचलणार नाही असे म्हणणारा तो मुलगा त्यांनी आपल्या विचाराच्या केंद्रस्थानी ठेवला. ही कथा कावळ्यापाशी येऊन थांबते. भावाला मारून बसलेल्या माणसाला पुढे काय करावे ते सुचत नाही, आणि जमीन उकरणारा एक कावळा त्याला ते दाखवतो. मराठीत मुलांसाठी ही कथा कोणी नीट लिहील तर ते मोठे काम होईल.

हमीद

तिसरी गोष्ट धार्मिक नाही. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांतून वाचली गेली आहे. चारपाच वर्षांचा पोरका हमीद तीन पैसे घेऊन जत्रेत जातो आणि खेळणी, मिठाई सोडून आजी अमीनासाठी चिमटा आणतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटे पोळतात. शिक्षक येथे थांबतात. तात्पर्य सांगतात: त्याग, आजीवरचे प्रेम. गोष्टीच्या मधला भाग मात्र वर्गात हसण्यावारी जातो, आणि आमच्या मते अहिंसेचा धडा त्या मधल्या भागातच आहे.

महमूदने शिपाई घेतला आहे, मोहसिनने भिश्ती, नूरेने वकील. ते हमीदच्या चिमट्याची टर उडवतात. हमीद मारामारी करीत नाही आणि गप्पही बसत नाही. तो वाद घालतो. चिमटा खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात घेतला की फकिराचे वाद्य, असे तो सांगतो. मातीच्या खेळण्यांना आपला लोखंडी पहिलवान कसा भारी पडेल, हे शब्दांनी पटवतो आणि जिंकतो. पोरे आपली खेळणी त्याच्या चिमट्याशी बदलून हातात घेऊन पाहतात. आणि मग खरी कमाल होते. हरलेल्या पोरांची तोंडे उतरलेली पाहून हमीदच त्यांची समजूत घालतो, मी तर तुम्हाला चिडवत होतो, तुमच्या खेळण्यांची सर या लोखंडाला कुठून येणार, अशा अर्थाचे बोलतो. जिंकल्यावर हरलेल्याचे अश्रू पुसणे हा सुलहचा इतका सुंदर प्रसंग हिंदी-उर्दू कथेत क्वचितच सापडेल. तो एका मुस्लिम मुलाच्या हातून घडतो, आणि त्यासाठी लेखकाला एकाही उपदेशाची गरज पडत नाही.

त्याच गोष्टीत आणखी एक तपशील आहे. घरी आल्यावर मोहसिन आणि त्याची बहीण भिश्तीसाठी भांडतात, भिश्ती फुटतो, दोघे रडतात, आणि आई येऊन दोघांनाही वर दोन दोन थपडा ठेवून देते. प्रेमचंद हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. त्यांनी टीका केलेली नाही. पण भांडण थांबवायला मोठी माणसे काय करतात, ते तेथे नोंदवून ठेवले आहे. मुलांना अमन शिकवणाऱ्यांनी या थपडेपाशी थोडे थांबले पाहिजे.

छडी

कारण गोष्ट कोणतीही असो, ती सांगणाऱ्याच्या हातात काय आहे तेही मूल पाहात असते. मकतबात रहमतची गोष्ट चालू असताना मौलवीसाहेबांच्या मांडीशेजारी छडी पडलेली असेल, तर मुलाने दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवावा? सगळेच उस्ताद मारकुटे असतात असे आम्ही म्हणत नाही. कितीतरी मकतबांत जिवाला जीव लावणारे उस्ताद आहेत, आणि तुटपुंज्या पगारावर पन्नास मुले सांभाळणे काय असते हे त्यांनाच ठाऊक. छडी ही केवळ मकतबाची मिरासही नाही. मराठी मनाने मातृप्रेमाचे स्तोत्र मानलेल्या ‘श्यामची आई’तही पोहायला न जाणाऱ्या श्यामला आईच्या हातची शिमटी खावी लागते. पिढ्यानपिढ्या वाचकांना त्यात काही खटकले नाही, कारण शिक्षा आणि माया यांची सांगड आपल्या साऱ्या समाजाने घातलेली आहे.

तरीही आपल्या अंगणापुरता प्रश्न शिल्लक राहतोच. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याबाहेर ठेवल्या. धार्मिक शिक्षणाच्या स्वातंत्र्यासाठी ते योग्य म्हणता येईल. पण मग छडी खाली ठेवण्याची जबाबदारी कायद्याकडून समाजाकडे आली, हे आपण विसरतो. छडीचे समर्थन करणारे नमाजविषयीची एक हदीस पुढे करतात. तिच्यात सातव्या वर्षी नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी मारा असे येते. ती मान्य करूनही विचारावेसे वाटते की मकतबातील बहुतेक मुले पाच ते नऊ वर्षांची असतात, मग त्यांच्या पाठीवरच्या वळाला आधार कोणता? आणि त्या मारालाही उलेमांनी किती कडक मर्यादा घातल्या आहेत! उलट हजरत अनस यांची साक्ष स्पष्ट आहे. त्यांनी लहानपणापासून दहा वर्षे पैगंबरांची (स.) खिदमत केली, आणि त्या दहा वर्षांत ‘उफ्’ हा शब्दसुद्धा ऐकला नाही. ही हदीस मुलांना सांगण्याऐवजी शिकवणाऱ्यांच्या बैठकीत वाचली जावी, असे आम्हाला वाटते.

चार वेश आणि एक शाळा

मकतबाबाहेरच्या प्रयत्नांचेही वाचन करावे लागेल. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मारली गेली. त्याच काळात, १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे आधीच मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. मुंबईतही नंतर अशा समित्या निघाल्या. धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे या मित्रांनी वस्तीत अमनचे काम केले, त्यावर २००३ साली ‘नाता’ हा माहितीपट निघाला. चार धर्मांच्या वेशातील चार मुले आणि ‘हम सब एक हैं’ हे शब्द असलेले वकार खान यांचे पोस्टर त्या काळात प्रसिद्ध झाले. राखेतून उठलेल्या वस्तीत ते पोस्टर लावणे हे धैर्याचे काम होते. त्याचे मोल आम्ही कमी करीत नाही.

पण पुढे या प्रतिमेचे जे झाले ते तपासण्यासारखे आहे. आता प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात चार मुले चार वेश घालून हातात हात धरतात. मुस्लिम मुलाला टोपी आणि शेरवानी चढवली जाते, जी त्याचा बाप कधी घालीत नाही. मूल तेथे माणूस म्हणून येत नाही, नमुना म्हणून येते. त्या चौघांत कधी भांडण होत नाही, म्हणून मिटवण्याचीही वेळ येत नाही. हमीद आणि महमूद यांच्यात भांडण झाले होते, म्हणून त्यांची दोस्ती खरी वाटते. वेशांच्या चित्रात तो जीव नाही.

बादशहा खानांनी, म्हणजे खान अब्दुल गफ्फार खान (१८९०-१९८८) यांनी, वेगळा मार्ग धरला होता. १९१० साली त्यांनी उतमानजईला पहिली शाळा काढली, १९२१ मध्ये आझाद शाळेची सुरुवात केली, १९२८ मध्ये ‘पख्तून’ हे मासिक चालू केले आणि १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार उभे राहिले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शाळा, मग भाषा, मग संघटना. ‘बदल’ म्हणजे सूड हा ज्या समाजात इज्जतीचा कायदा होता, तेथे त्यांनी सूड न घेण्याची शपथ दिली आणि त्या शपथेलाच रोज दोन तास समाजसेवेचे कलम जोडले. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळीबारापुढे जी माणसे उभी राहिली, त्यांच्यामागे वीस वर्षांची मेहनत होती. त्यांचा सब्र हाताला काम असलेला सब्र होता. ते अहिंसेला पैगंबरांच्या (स.) मक्केतील सब्राशी जोडत, आणि पठाणाला ते त्याच्या स्वतःच्या भाषेत, पश्तोत सांगत.

कोणत्या भाषेत?

येथेच आपले सर्वांत मोठे दुखणे आहे. आपले मूल घरी दखनी किंवा कोकणी बोलते, मकतबात अरबी-उर्दू वाचते आणि शाळेत मराठी लिहिते. ते भांडते दखनीत, आणि त्याला शांत राहायला सांगितले जाते पुस्तकी भाषेत. ‘अहिंसा’ हा शब्द त्याच्यासाठी २ ऑक्टोबरचा, परीक्षेचा. ‘सब्र’ हा घरचा, पण घरात त्याचा अर्थ फार आखडला आहे. रडणाऱ्या पोराला, मार खाल्लेल्या सुनेला, नोकरी नाकारलेल्या तरुणाला आपण एकाच सुरात ‘सब्र कर’ म्हणतो. तेथे सब्र म्हणजे गप्प बैस, एवढेच उरते.

धोका आहे तो येथे. आजच्या वातावरणात आपल्या मुलाकडे आधीच संशयाने पाहिले जाते. अशा मुलाला आपण केवळ गप्प बसायला शिकवले, तर आपण त्याला भीती शिकवतो आणि तिला दीनदारीचे नाव देतो. मग तो एक दिवस भीती टाकतो, तेव्हा तिच्याबरोबर सब्रही टाकून देतो. त्याउलट, आपण शांततेचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याला प्रत्येक व्यासपीठावर टोपी घालून उभे केले, तर अमन ही दुसऱ्यांना दाखवायची वस्तू होते. मुलाने हात आवरावा तो कोणाला प्रमाणपत्र द्यावे लागते म्हणून नव्हे. समोरच्याला लागते, म्हणून.

आमच्या लेखकांकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. उपदेश आपल्याकडे भरपूर झाला, आता भांडणाच्या गोष्टी लिहाव्यात. नळावरच्या, क्रिकेटच्या, पतंगाच्या मांजाच्या, डब्यात काय आणले यावरून झालेल्या. त्यांत दखनी असावी, चूक दोन्हीकडे असावी, मिटवणारा प्रत्येक वेळी शहाणा मोठा माणूस नसावा. आणि एखाद्या गोष्टीत भांडण न मिटताही मुलाने दगड खाली ठेवलेला असावा. सीरत लिहिणाऱ्यांनी सनद असलेल्या गोष्टी निवडाव्यात आणि ताइफच्या पोरांना चेहरे द्यावेत. मासिकांनी आणि या वार्षिकानेही पुढील अंकात मुलांसाठी सोळा पाने राखावीत, आणि ती छापण्यापूर्वी एखाद्या मकतबातील मुलांना वाचून दाखवावीत. ती कुठे हसतात, कुठे चुळबुळतात आणि कुठे ‘फिर क्या हुआ?’ म्हणून विचारतात, ते संपादकांनी टिपून घ्यावे. त्या वाचनाच्या वेळी छडी मात्र खोलीबाहेर ठेवलेली असावी.